भिंतीवरची पट्टी

आमच्या गावात धरणीकंप झाला, तेव्हा जमीन जेमतेम दोन घोट चहा पिऊन होतील इतका वेळ हलली. त्यानंतर गावची धरणीकंप निवारण समिती जी हलायला लागली, ती दीड महिना हलत होती. पहिल्या हलण्याची भीती मला आता नीटशी आठवतही नाही. दुसऱ्याची चीड मात्र अजून येते.

गावाचं नाव सांगत नाही. जुन्नरहून मंचरकडे निघालं की मध्ये कुठेतरी, नदीच्या काठाला ते आहे एवढं पुरे. समितीतली मंडळी गेली, पण त्यांची मुलं-नातवंडं आहेत आणि ती रस्त्यात भेटली की मला वाकून सलाम करतात. त्यांच्या आजोबांना मी काय समजते हे त्यांना कळून उपयोग नाही.

मी त्या गावात सून होऊन आले तो पन्नासच्या दशकाचा सुरुवातीचा काळ. माझ्या सासरची माणसं मूळची जुन्नरची, हाताने कागद बनवणारी. घरात आम्ही बोलायचो ती भाषा वेगळी, गावात बोलायचो ती वेगळी. मी मराठी शाळेत सातवी झालेली, म्हणून इथं सगळं मराठीतच लिहितेय. घरात चार माणसं. सासरे, ज्यांना मी अब्बा म्हणायचे, माझा नवरा, मी, आणि फुफी. फुफी म्हणजे अब्बांची बहीण. ऐन विशीत विधवा होऊन माहेरी परतली, आणि माझ्या नवऱ्याची आई गेल्यावर त्याला तिनेच वाढवला. नावाला सासू नसलेल्या घरात ती माझी सासू होती. तीही बऱ्यापैकी कडक.

कागदाचं काम थोडक्यात सांगते. जुने दोर, ताग, चिंध्या कुटून त्याचा लगदा करायचा, तो हौदात पाण्यात कालवायचा आणि साच्यावर पातळ थर उचलायचा. तो ओला कागद मग भिंतीवर ब्रशने चिकटवायचा. वाळला की सोलून काढायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. भिंतीवर चिकटवणं माझ्याकडे होतं, घोटणं फुफीकडे. तिच्या उजव्या हाताखालून गेलेल्या कागदावर बोरू अडखळायचा नाही. त्या हाताचा अब्बांना इतका अभिमान होता की गिऱ्हाईक आलं की ते आधी तिला हाक मारत.

आमच्या मागच्या खोलीतली लांब भिंत ही वाळवणीची भिंत. तीन पिढ्यांनी चुना घासून घासून ती सोललेल्या अंड्यासारखी केली होती. अशी भिंत एका वर्षात होत नाही, दहा वर्षांतही होत नाही. तिच्यावर कागद लावला की एकच गोष्ट सांभाळायची, ती म्हणजे कोपरा. ओल असताना कोपरा उठला की अख्खा कागद वाकडा होतो. त्यामुळे आमच्या घरातल्या बाईला कुठेही कोपरा उठलेला दिसला की तिचा हात आपोआप तिकडे जायचा. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात फुफीने मला हे शिकवलं, तेही मनगटावर दोन फटके देऊन.

धरणीकंप झाला तो सकाळी, न्याहारीच्या वेळी. भांडी खाली आली, गुरं ओरडली, आम्ही बाहेर धावलो. धूळ बसल्यावर कळलं की गावातली पाच-सहा घरं बसली, चावडीचा एक कोपरा गेला, आणि ज्यांची घरं उभी होती त्यांच्या भिंतींना भेगा पडल्या. आमच्या वाळवणीच्या भिंतीला कोनाड्यापासून खालपर्यंत एक तिरकी भेग गेली होती. नख जेमतेम आत जाईल एवढीच. अब्बांनी तिच्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "उभी हाय. बस झालं."

फुफीने आपला घोटायचा दगड घेतला आणि भिंतीवर दोन-तीन ठिकाणी वाजवून पाहिला. "उभी हाय, पन पोकळ बोलतीया," ती म्हणाली. तिची काळजी रास्त होती. समोरच्या खिडकीतून उजेड नेमका त्या भिंतीच्या बुडाशी पडायचा, म्हणून घोटायला ती तिथेच बसायची. दिवसाचे सात-आठ तास, पाठ भिंतीला लावून. भिंत आली तर तिच्याच अंगावर येणार होती.

आता समितीकडे वळते. समिती स्थापन व्हायला तीन दिवस लागले, कारण अध्यक्ष कोण यावर एकमत होईना. शेवटी सगळ्यात मोठी विहीर ज्यांची, ते बागायतदार अध्यक्ष झाले. सोबत शाळेचे हेडमास्तर, कालव्याच्या कामावरून निवृत्त होऊन गावात राहायला आलेले एक ओव्हरसियर, आणि दोन जण असे की जे गावातल्या प्रत्येक समितीत असतच. ते नसते तर समिती भरली नसती, आणि असून त्यांनी काही केलं असं कुणाला आठवत नाही.

समितीने पहिलं काम केलं ते फलक रंगवायचं. दुसरं काम फोटोचं. मंचरहून फोटोग्राफर बोलावला आणि सगळे सभासद पडक्या चावडीसमोर उभे राहिले. चावडी फोटोत पुरेशी पडलेली दिसेना, तेव्हा एका गड्याला वर चढवून आणखी चार दगड पाडायला लावले. मी स्वतः पाहिलंय हे. दगड पडले तशी अध्यक्षांनी टोपी सरळ केली आणि चेहरा दुःखी केला.

भेगा पडलेल्या घरात कुणी राहायचं नाही असा हुकूम निघाला. आम्ही पंचवीस-तीस कुटुंबं शाळेच्या मैदानात, लग्नाच्या मांडवाचं कापड ताणून त्याखाली. दिवस थंडीचे. पोरं कुडकुडत होती. घोंगड्या आल्या होत्या, गाडीभर आल्या होत्या, आम्ही त्या उतरवताना पाहिल्या. पण त्या कुणातरी मोठ्या पाहुण्याच्या हस्ते वाटायच्या होत्या आणि पाहुण्यांना सवड होत नव्हती. म्हणून घोंगड्या कुलपात आणि आम्ही मैदानात. एका बाईने बाळाला दाखवून विचारलं तर हेडमास्तर म्हणाले, "कार्यक्रम ठरलाय, बाई. शिस्त हाय का न्हाई काई?" पाहुणे आलेच नाहीत. घोंगड्या बाराव्या दिवशी अध्यक्षांनीच वाटल्या, भाषण करून, आणि तोवर थंडीचा कडाका सरला होता.

पण आपलं डोकं चालतं हे दाखवायची खरी संधी समितीला मिळाली ती भिंतींच्या तपासणीत. भेगाळलेली भिंत राहायच्या लायकीची आहे की नाही हे ठरवायचं कसं? ओव्हरसियरसाहेबांकडे युक्ती होती. भेगेवर आडवी कागदाची पट्टी चिकटवायची, वर सही आणि तारीख टाकायची. आठ दिवसांनी पाहायचं. भिंत सरकत असेल तर पट्टी फाटलेली असणार. पट्टी फाटली की समिती ती भिंत पाडणार, पट्टी शाबूत असली की राहायला परवानगीची चिठ्ठी मिळणार. युक्ती वाईट नव्हती हे मी मान्य करते. कुठल्यातरी शहाण्या माणसाला काम करताना त्यांनी कधीतरी पाहिलं असणार.

पट्ट्यांना कागद हवा. गावात कागद बनवणारं घर एकच. समितीची सगळी मंडळी आमच्या दारात आली.

आणि इथं आमच्या लोकांनी जे केलं ते दुसरं कुणी केलं नसतं. साधा वाण्याकडचा पुडीचा कागद दिला असता तर काम झालं असतं. पण समिती दारात आलेली. अब्बांनी आतून आपला सगळ्यात चांगला कागद काढला. जुन्या दोरांचा, ज्याच्यावर दस्त आणि कुंडल्या लिहायच्या. एवढंच नाही, त्यांनी त्याची एक पट्टी कापली, तुळईला बांधली आणि खाली पाच शेरांचं वजन लटकावलं. वजन झुलत राहिलं. पट्टीला काही झालं नाही.

"वा, चाचा," अध्यक्ष म्हणाले, "असा कागद पायजे."

समितीने मान डोलावली. हेडमास्तरांनी पट्टी ओढून पाहिली आणि खूश झाले. पाच माणसं, पाच टोप्या, आणि फाटण्यासाठी हवा असलेला कागद फाटत नाही म्हणून त्याचं कौतुक चाललेलं. दाराआडून फुफी म्हणाली, "वजनानं जो फाटत न्हाई, तो भिंतीनं फाटंल व्हय?"

ओव्हरसियर हसले. अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमी तुमचं काम करा."

"माझंच काम हाय ते. कागुद फाटायच्या आधी खळ सुटंल. मग तुमी काय बघनार?"

ओव्हरसियरांनी घसा खाकरला. त्यांना हे आधी सुचलं नव्हतं हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग म्हणाले, "मग टोक सुटलेलं दिसंल की. टोक सुटलं तरी धोकाच समजायचा." आणि आपणच हे शोधून काढलं अशा थाटात त्यांनी वहीत लिहून घेतलं. मी फुफीच्या शेजारी उभी होते.

शाळेच्या शिपायाने गव्हाच्या पिठाची पांढरी खळ शिजवली आणि गावभर पट्ट्या लागल्या. आमच्या भिंतीवर दोन विती लांब पट्टी, मधोमध ओव्हरसियरांची सही.

घरातलं वातावरण असं होतं की अब्बा आणि माझा नवरा रोज भिंत पास व्हावी म्हणून दुआ मागत होते. ती पाडली की आमचं काम संपलं. नवी भिंत घासायला अब्बांचं आयुष्य उरलं नव्हतं. फुफी एकटीच म्हणायची, "पाडू द्या. मी अंगनात बसून घोटीन." तिचं कुणी ऐकत नव्हतं. मीही नाही.

पट्टी लागल्यापासून पाचव्या की सहाव्या दिवशी मी घरी गेले. सामान आणायला जायचं तरी समितीची चिठ्ठी लागायची, ती दाखवून गेले. फुफीचा दगड आणि थोडी जोंधळ्याची भाकरी होईल एवढं पीठ घेतलं. निघताना मागच्या खोलीत डोकावले. पट्टीचं डावं टोक उठलं होतं. दोन बोटं, आतल्या बाजूला वळलेलं. मडक्यात आमची खळ होती. आमच्या खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालायची पद्धत, त्यामुळे ती हिरवट-निळी दिसते. मी ब्रश बुडवला, टोकाखाली फिरवला, तळव्याने दाबलं, कडा बोटाने बसवली. टोक चपटं झालं. दार ओढून मी मैदानात परत आले.

आठव्या दिवशी तपासणी झाली. ओव्हरसियर हातात बॅटरी घेऊन घरोघरी फिरले. बॅटरी दिवसाढवळ्या लावत होते. आमच्या पट्टीवर उजेड टाकला, अंगठ्याने सही पुसली जाते का पाहिली आणि वहीत लिहिलं, शाबूत. सगळ्या गावात पट्ट्या शाबूत होत्या. असणारच. अब्बांचा कागद होता तो.

फक्त एका घरची पट्टी फाटलेली निघाली. ते घर आमच्या गल्लीच्या तोंडाशी, भेग केसाएवढी. त्या घरची शेळी खुंटा उपटून आत गेली होती आणि तिने खळीच्या वासाने पट्टी अर्धी खाल्ली होती. घरधनी ओरडून सांगत होता, शेळीच्या तोंडात राहिलेला तुकडाही त्याने दाखवला. पण वहीत रकाने दोनच होते, शाबूत आणि फाटलेली. समितीने गावातली बहुधा सगळ्यात धडधाकट भिंत कुदळीने पाडली. तिला पाडायला सहा माणसांना दोन दिवस लागले, तरी कुणाला काही शंका आली नाही.

बाकीच्यांना चिठ्ठ्या मिळाल्या, आम्ही घरी आलो. अब्बा भिंतीला हात लावून रडले. फुफी खिडकीसमोर आपल्या जागेवर जाऊन बसली. बसताना तिने पाठ मात्र भिंतीला टेकवली नाही. एवढं मी पाहिलं.

घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी मी भिंतीच्या दुसऱ्या टोकाला कागद लावत होते. आधी वरून चुन्याची भुकटी पडली, माझ्या ताज्या कागदावर. मी वर पाहिलं. फुफी उठली, बाहेर पडली असती, दोन पावलांवर दार होतं. पण घोटलेल्या कागदांची चळत तिथेच राहिली होती, ती घ्यायला तिने वाकून हात पुढे केला. भिंत मधून दुमडली आणि खाली आली.

माझा नवरा आणि शेजारी यांनी हातांनी दगड बाजूला केले. फुफी वाचली. उजवा हात मनगटापासून पुढे दगडांखाली होता. बैलगाडीतून मंचरला नेलं, डॉक्टरांनी होतं ते सगळं केलं. हात राहिला, बोटं राहिली नाहीत. म्हणजे होती, पण पुन्हा वळली नाहीत.

फुफीला घरी आणलं, त्यानंतर दोन दिवसांनी समिती पंचनाम्याला आली. ढिगाऱ्यात ओव्हरसियरांना पट्टी सापडली. अख्खी. दोन्ही टोकांना चुन्याचे पोपडे धरून ती आमच्या अब्बांच्या इज्जतीसारखी शाबूत होती. ओव्हरसियरांनी ती दोन्ही हातांनी ताणून सगळ्यांना दाखवली. मला वाटलं, आता तरी या माणसाला शरम वाटेल. तो म्हणाला, "बघा. पट्टी फाटलेली न्हाई. म्हंजे भिंत धरणीकंपानं पडली न्हाई."

अध्यक्षांनी विचार केल्यासारखं केलं. हेडमास्तरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं की सदर भिंत जुनाट असून ओल्या कामाच्या वापराने आपोआप पडली, समितीच्या तपासणीत कोणताही दोष नाही. खाली पाच सह्या. मी इतक्या वर्षांत पुष्कळ नालायक माणसं पाहिली, पण जखमी बाईच्या खाटेशेजारी बसून स्वतःला निर्दोष लिहून घेणारी पाच माणसं एकदम पुन्हा पाहिली नाहीत.

फुफी म्हणाली, "ती पट्टी बघू."

ओव्हरसियरांनी दिली. डाव्या हातात धरून तिने एक टोक पाहिलं, तिथे पांढरी खळ होती. मग दुसरं पाहिलं. तिथे पांढऱ्यावर हिरवट-निळी होती. तिने त्यावर अंगठ्याचं नख घासलं. ते पाच जण तिथेच उभे होते. ती एक शब्द बोलली असती तर त्यांची सुटका झाली असती आणि मी अडकले असते. ती म्हणाली, "कागुद चांगलाय," आणि पट्टी माझ्याकडे दिली. ते गेल्यावर म्हणाली, "हौदात टाक ती. भिजंल. अब्बाला काई बोलू नको."

मी टाकली.

सवयीने हात गेला, असं मी स्वतःला सांगत आले. ते निम्मंच खरं आहे. टोक सुटलं तरी धोका, हे ओव्हरसियर बोलले तेव्हा मी तिथेच होते, आणि ब्रश मडक्यात बुडवताना मला ते आठवत होतं. मला भिंत पास व्हायला हवी होती. मैदानातल्या थंडीला मी कंटाळले होते, अब्बांचा चेहरा बघवत नव्हता, आणि फुफी नेहमीच काहीतरी कुरकुरते असं मला वाटत होतं. ते पाच जण मूर्ख होते. मी मूर्ख नव्हते. म्हणून त्यांची मी इतकी टिंगल करते, आणि करताना माझा आवाज जरा जास्तच चढतो हे मला माहीत आहे.

डाव्या हाताने जेवायचं नाही असा फुफीचा नेम होता. तेव्हापासून तिला मी भरवायचे, दोन्ही वेळा. घोटायचा दगड माझ्याकडे आला. ती अंगणात बसून माझ्या कामातल्या चुका काढायची.

पुढच्या वर्षी समितीचा सत्कार झाला. मानपत्र आमच्याच कागदावर लिहिलं होतं. अध्यक्ष भाषणात म्हणाले की गावात एकही जीव गेला नाही, आणि पुराव्यादाखल फुफीला पुढच्या रांगेत बसवली होती. पेढे वाटले. तिचा पेढा मी तोडून तिच्या तोंडात घातला. ते पाहून ओव्हरसियर जवळ आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सून असावी तर अशी."

फुफीने पेढा सावकाश चावला, गिळला.

"व्हय," ती म्हणाली, "लई गुनाची हाय. कोपरा उठलेला तिला बघवत न्हाई."